तास संपल्यानंतरची मराठी

सीमाभागातील मराठीचा विषय निघाला की बोलणे दुकानांच्या फलकांवर, सरकारी परिपत्रकांवर, बसवरील पाट्यांवर आणि मराठी शाळांच्या पटसंख्येवर येते. हे सारे प्रश्न खरे आहेत आणि त्यांसाठी भांडणेही आवश्यक आहे. परंतु या यादीत एक प्रश्न सहसा येत नाही. महाविद्यालयातील शेवटचा तास दुपारी संपतो आणि गावाकडची बस संध्याकाळी सुटते. मधल्या वेळेत पदवीच्या वर्गातील मराठी मुलामुलींनी बसायचे कोठे? प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक आहे. आमच्या मते मात्र सीमाभागातील मराठीचे पुढील तीस-चाळीस वर्षांचे भवितव्य याच दोन-तीन तासांशी बांधलेले आहे. म्हणून हा प्रश्न विद्यार्थ्यांच्या सोयीचा म्हणून बाजूला न ठेवता भाषेचा प्रश्न म्हणून हाती घेतला पाहिजे.

बेळगाव हे शिक्षणाचे शहर आहे, असे आपण अभिमानाने सांगतो. लिंगराज महाविद्यालय १९३३ पासूनचे. राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात तर पु. ल. देशपांडे यांनी काही काळ अध्यापन केले. या शहरातील महाविद्यालयांत शहरापेक्षा आजूबाजूच्या गावांतून येणारी मुले मोठ्या संख्येने असतात. खानापूर तालुक्यातील जांबोटी, नंदगड, कणकुंबी या बाजूंनी, बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातून, तसेच सीमेपलीकडील चंदगड तालुक्यातूनही मुले रोज येतात. त्यांचा दिवस घड्याळाने नव्हे, बसच्या वेळापत्रकाने ठरतो. वर्ग सुटला म्हणून घरी जाता येत नाही. बस येईपर्यंत शहरातच थांबावे लागते. शहरातील विद्यार्थ्याला घराचा दिवाणखाना असतो, मित्राची गच्ची असते. खेड्यातून आलेल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला बसस्थानकाचा बाक येतो.

त्याच्यापुढे पर्याय कोणते? महाविद्यालयाचे वाचनालय असते. पण तेथे बोलायचे नाही, हाच तेथील पहिला नियम, आणि तो योग्यच आहे. उपाहारगृह असते, पण वर्ग सुटताच तेही आवरते घेतले जाते. टपरीवरचा चहा स्वस्त असतो. पण तेथे उभ्यानेच बोलावे लागते आणि मुली तेथे फार वेळ थांबू शकत नाहीत. व्हॅक्सिन डेपोची झाडी किंवा किल्ल्याजवळचा तलाव पावसाळ्यात उपयोगाचा नाही, आणि बेळगावचा पावसाळा कसा असतो हे कोणी सांगायला नको. उरतो तो कॅफे. तेथे पंखा असतो, खुर्ची असते, कोणी हटकत नाही. परंतु त्या खुर्चीचे भाडे कॉफीच्या किमतीत घातलेले असते. शेतकऱ्याच्या किंवा गवंड्याच्या घरातून आलेला मुलगा आठवड्यातून चार वेळा ते भाडे भरू शकत नाही. त्याने मित्रांबरोबर जायचे टाळले की त्याला अबोल, एकलकोंडा म्हटले जाते. त्याच्या अबोलपणाचे कारण अनेकदा त्याच्या खिशात असते.

मुलींची अडचण याहून मोठी. जून २०२३ पासून कर्नाटकात ‘शक्ती’ योजनेमुळे राज्यातील महिलांना साध्या बसमधून विनामूल्य प्रवास करता येतो. खेड्यातील मुलींच्या शिक्षणासाठी ही मोठीच मदत आहे आणि तिचे आम्ही स्वागत करतो. चंदगड भागातील मुलींना राज्याच्या रहिवासाच्या अटीमुळे ती मिळत नाही, हा सीमेचा आणखी एक काच आहेच. पण ज्यांना ती मिळते त्यांचाही शहरापर्यंतचा प्रवास तेवढा फुकट झाला. शहरात बसणे फुकट झाले नाही. ‘नॅक’च्या मूल्यमापनात महाविद्यालयाला कॉमन रूमविषयी विचारले जाते, त्यामुळे कागदावर अशी खोली असते. ती दुपारी किती वाजता बंद होते, एवढे एकदा जाऊन पाहावे.

आता याचा भाषेशी संबंध काय, ते पाहू.

जोशुआ फिशमन या समाजभाषाशास्त्रज्ञाने १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, संकटात आलेल्या भाषा पुन्हा उभ्या कशा राहतात, याचा विचार मांडला. भाषा एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाते ती मुख्यतः घर, शेजार आणि निकटचा समाज यांच्या व्यवहारातून, असे त्याचे प्रतिपादन आहे. शाळा, वृत्तपत्रे, सरकारी कचेऱ्या यांचे महत्त्व तो नाकारत नाही; पण निकटच्या व्यवहाराचा पाया नसेल तर वरचे मजले टिकत नाहीत, असे तो बजावतो. हा विचार आपल्याकडे लावून पाहिला तर चित्र स्पष्ट होते. घरात मराठी आहे. गावात भजनी मंडळ आहे, तालीम आहे, गणेशोत्सव आहे. तेथेही मराठी आहे. परंतु मुलगा अठरा वर्षांचा होऊन शहरात आला की घर आणि गाव दिवसभरासाठी मागे राहते. वर्गात बहुधा इंग्रजी, कचेरीत कन्नड, भ्रमणध्वनीवर हिंदी-इंग्रजीची सरमिसळ. या वयात माणूस राजकारण, प्रेम, नोकरी, सिनेमा, धर्म, पैसा यांविषयी प्रथमच स्वतःच्या बुद्धीने बोलू लागतो. त्या बोलण्याला निवांत जागा मिळाली नाही तर मराठी त्याच्याजवळ राहते, पण घरकामाची भाषा म्हणून राहते. आईशी जेवणाविषयी बोलायला ती पुरते; अर्थसंकल्पाविषयी किंवा एखाद्या कादंबरीविषयी वाद घालायला शब्द अपुरे पडतात. ते शब्द पाठ्यपुस्तकातून येत नाहीत. बरोबरीच्या माणसांशी हुज्जत घालताना ते सापडतात.

बेळगावला हे ठाऊक नाही असेही नाही. पु. लं.च्या ‘गणगोत’मधील ‘रावसाहेब’ साऱ्या महाराष्ट्राला परिचित आहेत. कानडी हेलाची, लिंगवचनाची पर्वा न करणारी, तरीही अस्सल अशी त्यांची मराठी कोणत्या व्याकरणाच्या पुस्तकात घडली? ती घडली नाटकवाल्यांच्या, गाणाऱ्या-बजावणाऱ्यांच्या बैठकीत. कन्नड आणि मराठी तेथे शेजारी बसून एकमेकींचे उसने घेत होत्या. सीमाभागाच्या बोलीचे वैभव अशा बैठकींनी निर्माण केले. आजच्या विशीतील मुलांना बैठक मारायला जागाच नसेल, तर त्यांची बोली कोठे घडणार?

कॅफेत जी भाषा चालते तिचाही विचार करावा. पदार्थांची यादी इंग्रजीत, मागणी इंग्रजी-हिंदीत, आणि शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल म्हणून आवाज खालचा. चंदगडी किंवा खानापुरी ढंगाने मोकळे बोलणारी मुलगी तेथे दोन वाक्यांत सावध होते. पैशाने आधीच वेगळी पडलेली मुले भाषेनेही वेगळी पडतात. ज्यांना परवडते ती इंग्रजीकडे झुकतात. ज्यांना परवडत नाही ती लवकरची बस धरतात. इंग्रजी माध्यमातून आलेला मराठी मुलगा आणि मराठी माध्यमातून आलेला मराठी मुलगा एकाच वर्गात तीन वर्षे काढूनही एकमेकांना ओळखत नाहीत. पहिल्याची मराठी सुधारू शकली असती, दुसऱ्याचे इंग्रजी. दोघांचाही तोटा होतो.

अशी जागा मागायची कोणी? सरळ उत्तर आहे: विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधींनी. येथेच खरी गाठ आहे. कर्नाटकात विद्यार्थी संघांच्या थेट निवडणुका तीन दशकांहून अधिक काळ बंद आहेत. महाविद्यालयात जनरल सेक्रेटरी असतो, जिमखान्याचे पदाधिकारी असतात. परंतु त्यांची नेमणूक बहुधा गुणांवर किंवा प्राध्यापकांच्या पसंतीवर होते. अशा प्रतिनिधीकडून स्नेहसंमेलनाचे व्यासपीठ सजवण्याची, पाहुण्यांना पुष्पगुच्छ देण्याची अपेक्षा असते. प्राचार्यांपुढे उभे राहून ‘संध्याकाळी सहापर्यंत एक खोली उघडी ठेवा’ असे तो म्हणणार कसा? ज्याने नेमले त्याच्याकडेच मागायचे असते, आणि पाठीशी मतदार नसतो. महाराष्ट्रानेही याच सुमारास थेट निवडणुका थांबवल्या होत्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने त्यांची तरतूद पुन्हा केली, तरी प्रत्यक्षात त्या रखडल्या. म्हणजे सीमेच्या दोन्ही बाजूंना विद्यार्थी या बाबतीत सारखाच मुका आहे.

माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीने २००६ साली दिलेला अहवाल सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी लागू केला. निवडणुकीतील पैसा आणि दांडगाई रोखण्यासाठी समितीने कडक अटी घातल्या. उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा पाच हजार रुपये ठेवली. पण तिने निवडणुका मोडीत काढा असे म्हटले नाही. जेथे वातावरण अनुकूल नाही तेथे नेमणुकीची पद्धत तात्पुरती चालेल, मात्र ती केवळ गुणांवर आधारू नये आणि पाच वर्षांच्या आत तिची जागा निवडणुकीने घ्यावी, असा तिचा आशय होता. ती पाच वर्षे केव्हाच उलटून गेली.

निवडलेला संघ असल्याने काय फरक पडतो, याचे एक दूरचे पण बोलके उदाहरण आहे. अमेरिकेतील हार्वर्ड हे जगातील श्रीमंत विद्यापीठांपैकी एक. तेथेही पदवीच्या विद्यार्थ्यांना एकत्र बसायला परवडणारी जागा कोठे, हा प्रश्न वर्षानुवर्षे गाजला. शहरातील मोक्याच्या इमारती जुन्या खासगी क्लबांच्या मालकीच्या. त्यांचे सदस्यत्व मोजक्यांनाच मिळे. ज्यांना क्लब नाही त्यांनी जायचे कोठे, हा मुद्दा तेथील निवडून आलेल्या विद्यार्थी परिषदेने लावून धरला. २००६ मध्ये एका जुन्या ग्रंथालयाच्या इमारतीत विद्यार्थी संघटनांचे केंद्र उघडले. पण ते मुख्य आवारापासून दूर होते, म्हणून तेथे फारसे कोणी फिरकेना. पुढच्याच वर्षी मध्यवर्ती भागातील एका सभागृहाच्या तळघरात विद्यापीठाने स्वतः चालवलेले बैठकीचे ठिकाण सुरू झाले, आणि २०१८ मध्ये आवाराच्या अगदी तोंडाशी सर्वांना खुले असे मोठे केंद्र उभे राहिले.

या उदाहरणातून आम्ही दोन गोष्टी घेतो. पहिली, विद्यार्थी तीन-चार वर्षांत निघून जातो. त्याची मागणी त्याच्याबरोबर जाऊ नये यासाठी ती धरून ठेवणारी संस्था लागते. व्यवस्थापनाला फक्त वाट पाहायची असते. परिषद असली तर वाट पाहून भागत नाही. दुसरी, दूरची जागा ही जागाच नव्हे. बेळगावला हे वेगळे सांगायला नको. राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० साली स्थापन झाले, पण त्याचे आवार शहराबाहेर महामार्गालगत भूतरामनहट्टीला. तेथे उद्या कितीही सुंदर विद्यार्थी भवन उभारले, तरी टिळकवाडीतल्या किंवा कॉलेज रोडवरच्या महाविद्यालयातून सुटलेल्या आणि पाचची बस धरायची असलेल्या मुलीला त्याचा उपयोग नाही.

परवडण्याचा प्रश्नही सुटण्याजोगा आहे. कोलकात्याच्या कॉलेज स्ट्रीटवरील कॉफी हाऊस १९५८ मध्ये बंद पडले होते. तेथील प्राध्यापकांनी अर्ज-विनंत्या केल्या आणि ते पुन्हा उघडले. पुढे कामगारांच्या सहकारी संस्थेने ते चालवले. विद्यार्थी एका कपावर तासन् तास बसतात हे ठाऊक असूनही ते चालले, कारण नफा काढणारा मालक मध्ये नव्हता. सहकार आपल्याला परका नाही. या भागात दूध सोसायट्या, पतसंस्था, सहकारी बँका मराठी माणसांनीच उभ्या केल्या. पन्नास मुलांचा चहा आणि एका खोलीची झाडलोट हे त्याहून अवघड काम नव्हे.

आणि खोली शोधायलाही फार लांब जायचे कारण नाही. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे. म्हणजे मुंबई विद्यापीठाहून ते नऊ वर्षांनी वडील. त्यानंतरच्या पिढ्यांनी वर्गण्या गोळा करून शहरात आणि तालुक्यांत मराठी संस्थांची सभागृहे बांधली. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, कुद्रेमनी अशी गावे दरवर्षी साहित्य संमेलने भरवतात. ही मोठी पुण्याई आहे. परंतु संमेलन वर्षातून एक दिवस असते, आणि सभागृहे लग्नसराई, सत्कार आणि शोकसभा सोडल्यास आठवड्यातील बहुतेक दुपारी कुलूपबंद असतात. व्यासपीठावरून आपण विचारतो की तरुण का येत नाहीत. तरुण दुपारी तीन वाजता त्याच सभागृहावरून चालत बसस्थानकाकडे गेलेला असतो.

राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी केली, तेव्हा त्यांनी नेमके हेच ओळखले होते. शाळा काढली, शिष्यवृत्ती दिली, तरी खेड्यातल्या मुलाला शहरात पाय टेकायला जागा नसेल तर शिक्षण त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. त्या वसतिगृहांतून केवळ पदवीधर निघाले नाहीत; एकमेकांशी बोलून, भांडून तयार झालेले कार्यकर्ते निघाले. रात्रीच्या निवाऱ्याची गरज आज वसतिगृहे आणि बस काही प्रमाणात भागवतात. दुपारच्या निवाऱ्याची भागवणारे कोणी नाही.

म्हणून आमची मागणी नेमकी अशी आहे. बसस्थानकापासून किंवा महाविद्यालयापासून दहा मिनिटे चालत जाता येईल अशा एखाद्या मराठी संस्थेने आपले सभागृह सोमवार ते शुक्रवार, दुपारी दोन ते सहा, पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी खुले करावे. आठवड्याला हे वीस तास होतात. प्रवेश विनामूल्य असावा, चहा खर्चाच्या किमतीत मिळावा, स्वच्छतागृह चांगले असावे. कारभार विद्यार्थ्यांच्या समितीकडे असावा. प्रत्येक महाविद्यालयातून वर्गवार मतदानाने प्रतिनिधी निवडावेत आणि त्यांत निम्म्या मुली असाव्यात. संस्थेने हिशेब पाहावा, पण विषय ठरवू नये. तेथे रोज व्याख्यान नको, प्रमुख पाहुणे नकोत, दीपप्रज्वलन नको. कोणी एकांकिकेची तालीम करील, कोणी स्पर्धापरीक्षेचे प्रश्न सोडवील, कोणी नुसत्या गप्पा मारील. नुसत्या गप्पा हेही काम आहे, हे मोठ्यांनी मान्य करावे.

तेथे मराठीच बोलावी असा फलक लावू नये, असेही आम्ही आग्रहाने सांगतो. कन्नड मित्र यावा, उर्दू बोलणारी मैत्रीण यावी, कोकणी बोलणारे यावेत. सक्तीने बोललेली भाषा परीक्षेपुरती टिकते. सक्तीविरुद्ध भांडणाऱ्या आपण तिची नक्कल करणे शोभणार नाही. मराठी मुले जेथे निर्धास्तपणे बसतील तेथे मराठी आपोआप बोलली जाईल, आणि शेजारी बसलेल्या कन्नड मुलालाही ती दोन-चार वर्षांत येऊ लागेल. आपल्या मुलांचे कन्नडही सुधारेल. नोकरीसाठी त्यांना ते हवेच आहे.

आक्षेप येतील. मुले टवाळक्या करतील, असे कोणी म्हणेल. ती आजही करतात, फक्त रस्त्यावर करतात. मुलामुलींनी एकत्र बसणे पालकांना रुचणार नाही, असे कोणी म्हणेल. उजेडातली, ओळखीच्या संस्थेची, समितीच्या देखरेखीखालची खोली पालकांना बसस्थानकापेक्षा अधिक धास्तीची का वाटावी? कोणी म्हणेल, चार मराठी तरुण एकत्र जमले की त्यात चळवळ शोधली जाईल आणि संस्थेला त्रास होईल. ही भीती निराधार नाही. पण संविधानाच्या एकोणतिसाव्या कलमाने स्वतःची भाषा आणि संस्कृती जतन करण्याचा हक्क प्रत्येक नागरिकसमूहाला दिला आहे, आणि चहा पीत मराठीत बोलण्याइतका त्या हक्काचा साधा वापर दुसरा नसेल. शेवटचा आक्षेप देखभालीच्या खर्चाचा. ज्या संस्थेच्या विश्वस्तांना पुढच्या वीस वर्षांनी आपली वार्षिक सभा कोण भरवणार याची चिंता आहे, त्यांनी हा खर्च देणगी म्हणून न धरता गुंतवणूक म्हणून धरावा.

हे केवळ बेळगावपुरते नाही. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथेही आजोबा-पणजोबांच्या पिढीने उभारलेल्या मराठी संस्था आहेत आणि त्यांच्याही दारात हाच प्रश्न उभा आहे: कार्यक्रमाला पांढरे केस अधिक, काळे केस कमी. तेथील वाचकांनी आपापल्या संस्थेची किल्ली कोणाकडे आहे आणि दुपारी ती कोठे टांगलेली असते, एवढी चौकशी करावी.

विद्यार्थी संघांच्या निवडणुका पुन्हा सुरू व्हाव्यात यासाठी सरकारकडे मागणी करावीच लागेल, आणि ती कन्नड विद्यार्थ्यांच्या खांद्याला खांदा लावून करता येईल. कारण नेमलेला प्रतिनिधी त्यांच्याही कामाचा नाही. त्या लढाईला वेळ लागेल. दुपारी दोन वाजता कुलूप उघडायला मात्र कोणत्याही सरकारच्या परिपत्रकाची गरज नाही. येत्या जूनमध्ये पदवीच्या पहिल्या वर्षाचे नवे विद्यार्थी शहरात उतरतील. तोपर्यंत बेळगावात एक, खानापुरात एक, अशा निदान दोन खोल्या उघडल्या गेल्या पाहिजेत.